जुन्या गाडीच्या पार्टना क्रोम प्लेटिंग परवडत नसेल तर दुसरं काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राहता, वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताय. दोन्ही बंपर, ग्रिल, हबकॅप, दाराची हँडलं, सगळ्यांचं क्रोम खराब झालंय. नव्यानं क्रोम करायचा आकडा ऐकून गप्प बसलात आणि आता स्वस्तातला पर्याय शोधताय.

मी इथल्याच उद्यमनगरात बफिंगच्या, म्हणजे धातू चाकावर घोटून चमकवण्याच्या कामात वाढलो. आता पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड चढवून भट्टीत पक्की करणं) करतो आणि जुन्या गाड्यांचे पार्ट अजूनही हौसेनं घोटतो. त्यामुळं सविस्तर लिहितो.

कुणालाही ॲडव्हान्स देण्याआधी क्रोम खरंच गेलंय का ते बघा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून बंपरवर हलक्या हातानं चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असल्यानं चरे पडत नाहीत, आणि वरवरचा तांबूस गंज निघून येतो. मग कोरडं पुसून कारचं मेण लावा. माझ्याकडं 'संपलेले' म्हणून आलेले कितीतरी बंपर एवढ्यावरच परत गेलेत. पण नख फिरवल्यावर खड्डे लागत असतील किंवा पापुद्रा उचलत असेल, तर खालचं निकेलही गेलंय असं समजा.

हे निकेलचं प्रकरण नीट कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम नावापुरतं असतं, साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अर्ध्याइतकं, किंवा त्याहून कमी. खालचं निकेल १० ते ३० मायक्रॉन असतं, आणि चांगल्या कामात त्याच्याही खाली तांबं असतं. गंज अडवतं ते निकेल. आरशासारखं दिसतं तेही निकेल, आणि त्याखालची घोटाई. क्रोम फक्त निळसर झाक देतं, निकेल काळवंडू देत नाही आणि चऱ्यांपासून वाचवतं. तुम्हाला सांगितलेल्या आकड्यातला मोठा वाटा जुनं प्लेटिंग उतरवणं, खड्डे काढणं आणि चाकावर घोटणं या मजुरीचा असणार. म्हणून कुठलाही पर्याय घेतलात तरी घोटाई चुकत नाही. खड्ड्यांवर मारलेला चकचकीत रंग खड्डे लपवत नाही, उलट लांबूनही दाखवतो.

दुसरी एक गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची वाटते म्हणून सांगतो. माझे मामा बावीस वर्षं क्रोमच्या टाकीवर होते. टाकीतून उठणारी वाफ नाकात जाऊन जाऊन त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं. रात्री शेजारी झोपलं की त्यांच्या श्वासाबरोबर बारीक शिट्टी ऐकू यायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मोठ्या माणसांच्या श्वासाचा असा आवाज येतो. हा क्रोमच्या टाकीवरच्या कामगारांचा जुना, ओळखीचा आजार आहे. टाकीत असतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये सजावटीच्या कामातून ते २०२७ पासून हद्दपार करायचा नियम केला. बंपरवर एकदा चढलेला क्रोम धातू तुम्हाला काही करत नाही. धोका टाकीशी उभ्या राहणाऱ्याला आणि जिथं सांडपाणी जातं तिथल्या विहिरीला असतो. ज्याच्याकडं वाफ ओढून घेणारी यंत्रणा नाही आणि पाणी गटारात सोडलं जातं, त्याचा दर कमी दिसला तरी तिथं काम देऊ नका अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्लेटिंगच करायचं ठरलं तर ट्रायव्हॅलंट क्रोम, म्हणजे हेक्साव्हॅलंटपेक्षा कमी विषारी प्रकार, आहे का विचारा. टाकी बघायला मिळाली तर रंगावरूनही अंदाज येतो: हेक्सचं द्रावण गडद तांबूस-तपकिरी, ट्रायचं हिरवट-निळसर. ट्रायची झाक किंचित काळसर असते, पण सगळे पार्ट एकाच टाकीतून काढले तर फरक डोळ्यांना खुपत नाही.

आता पर्यायांकडं. एक चुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. चिकटतं ते बहुधा साधं पोलाद. चिकटत नाही ते ॲल्युमिनियम, स्टेनलेस (काही स्टेनलेसला चिकटतंही), झिंक डाय-कास्ट म्हणजे साच्यात ओतलेलं जस्त, किंवा प्लास्टिक. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या स्टेनलेसच्या किंवा ॲल्युमिनियमच्या निघाल्या तर तुमचे पैसे वाचले. त्यांना प्लेटिंग लागतच नाही, फक्त घोटाई लागते. आपलं गाव ओतकामाचं आणि मशीन शॉपचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं बफिंगवाला शोधावा लागत नाही. आधी सिसलचं (घायपाताच्या दोऱ्याचं) चाक, मग कापडी चाक आणि पॉलिशचा साबण. पातळ पट्टी मात्र लाकडी फळीवर बांधून द्या, नाहीतर चाक ती ओढून वाकडी करतं. पट्टी तुटलेली असेल तर स्टेनलेसची नवी करून घ्या, पण ३०४ ग्रेडचीच. इथं बरेच जण फसतात. '२०२' ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळं 'चुंबक लागत नाही म्हणजे ३०४' हे दुकानदाराचं म्हणणं मान्य करू नका. मॉलीचं टेस्टिंग लिक्विड (स्टेनलेसचा ग्रेड ओळखायचं द्रावण) आणि छोटी बॅटरी घेऊन थेंब तपासायला लावा. २०२ वर तो थेंब लालसर होतो. आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात २०२ वर तांबूस डाग यायला वेळ लागत नाही.

त्या काळच्या हँडलांत झिंक डाय-कास्ट बरंच असायचं. त्यावर पोटातून फोड आलेले दिसतील. ॲसिडमध्ये टाकून साफ करतो म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका, ॲसिड झिंकच खाऊन टाकतं. पावडर कोटिंगही इथं जपून करावं लागतं, कारण भट्टीत आत अडकलेली हवा बाहेर येऊन पृष्ठभागावर बुडबुडे उठतात. हँडलं लहान असतात, चारच असतात आणि रोज हात लागतो, म्हणून खरं प्लेटिंग करायचं तर ते इथं करा.

हबकॅप आणि ग्रिलसाठी स्प्रे क्रोमचा विचार करता येईल. नाव क्रोम असलं तरी त्यात क्रोम नसतं, खरी चांदी असते, हुपरीच्या पैंजणात असते तीच. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली टॉलेन्सची चाचणी आठवा, परीक्षानळीच्या आतून आरसा तयार व्हायचा. तेच रसायन इथं दोन नोझलच्या गननं मारतात. आधी चकचकीत बेस, त्यावर कथिलाच्या क्षाराचं पाणी, मग चांदीचं द्रावण आणि त्यातली चांदी सुटी करणारा रिड्यूसर एकत्र, शेवटी टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर. ताजं काम क्रोमच्या शेजारी ठेवलं तर पटकन ओळखू येत नाही, आणि प्लास्टिकवरही होतं. पण त्याचं सगळं आयुष्य वरच्या क्लिअरवर असतं. मी स्वतःच्या जीपच्या हबकॅपला हे केलं होतं. बेस पुरता सुकू न देता घाई केली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात कडेनं क्लिअर सुटून आतली चांदी काळी पडली. करणाऱ्याला बेस किती तास सुकवतो ते विचारा आणि निदान एक पावसाळा काढलेला नमुना दाखवायला सांगा. किट आणून घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण लागेल तेवढंच बनवा आणि उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका. साठवलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो.

डब्यातला क्रोम स्प्रे पेंट आरसा देत नाही, चांगली चंदेरी देतो. चकचकीत काळ्या बेसवर पातळ हात मारला तर बरा दिसतो. वर साधं लॅकर मारलं की राखाडी पडतो. क्रोम व्हिनाइल सगळ्यात स्वस्त आणि सपाट पट्टीवर देखणं, पण पद्मिनीच्या बंपरच्या वळणांवर सुरकुत्या येतात आणि उन्हात दोन-तीन वर्षांत निस्तेज होतं. व्हॅक्यूममध्ये धातू चढवण्याची पद्धत उत्तम आहे, हेडलाइटच्या आतला आरसा तसाच बनतो. मात्र मी चौकशी केली तेव्हा एका गाडीपुरतं काम घ्यायला कुणी तयार नव्हतं.

राहिले बंपर. त्यांना दगड लागतात, पाय लागतात, पार्किंगमध्ये धक्के बसतात. तिथं स्प्रे क्रोम मी सुचवणार नाही. माझा सल्ला असा: पुढचा बंपर नीट घोटून ट्रायव्हॅलंटमध्ये करून घ्या, कारण गाडीचा चेहरा तोच आहे. मागच्याला चंदेरी पावडर कोटिंग आणि वर क्लिअर पावडर. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळं रबर, प्लास्टिक आणि लांबी (पुट्टी) भरलेली जागा आधी साफ काढावी लागते. खड्डे लांबीनं नाही, वेल्डिंगनं भरून घासा. दोन्ही बंपर एकदम जमत नसतील तर मागचा पुढच्या वर्षी.

एक सक्त नको: शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यांना यातलं काहीच चालत नाही. त्यावरचं हार्ड क्रोम वेगळं, बरंच जाड आणि कामाचं असतं, तिथं रंग मारला तर सील फाटतं. तसंच सस्पेन्शनचे कडक बोल्ट हौसेनं प्लेटिंगला देऊ नका. टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत तास न् तास तापवून तो काढला नाही तर बोल्ट अचानक तुटू शकतो.

बंपर उतरवलात की उलटा करून आतली बाजू बघा. प्लेटिंग खोलगट जागी नीट पोचत नाही, त्यामुळं गंज तिथूनच सुरू होतो. आतून तारेच्या ब्रशनं घासून झिंकचा प्रायमर मारा, ब्रॅकेट आणि बोल्ट वेगळे झिंक करून घ्या. आतला पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचल्यावर आरपार जात असेल तर प्लेटिंगला देऊ नका, आधी डेंटरला दाखवा. चुंबक कुठं चिकटलं आणि कुठं नाही ते इथं लिहिलंत तर ग्रिल आणि हबकॅपबद्दल अजून नेमकं सांगता येईल.