किडेवाल्या काकूंच्या गच्चीवर

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र आठ पानी आहे, सगळं छापता येणार नाही. वाचकांसाठी सारांश देते. वय 47, लग्न होऊन साताऱ्यात आलात त्याला वीसेक वर्षं झाली. मुलगी पुण्याला शिकते, यजमान बँकेत. गेल्या पावसाळ्यात गॅलरीतल्या ट्यूबलाइटवर बसलेल्या एका पतंगाचा फोटो काढलात आणि तेव्हापासून हे वेड लागलं. आता आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून ओळख पटवून घ्यायच्या संकेतस्थळावर, नोंदी टाकता, पतंगवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहात. भिशीत सोनं, सिरियल आणि पोरांची पॅकेजं यापलीकडे विषय जात नाही, ग्रुपात मात्र मन रमतं. पण मागच्या महिन्यात तिथल्या एका जाणकाराने सगळ्यांदेखत सुनावलं, "वाट्टेल ते फोटो टाकू नका, आधी जरा वाचा." कुणी चकार शब्द काढला नाही. तुम्ही रडलात, तर यजमान म्हणाले, "कशाला ही नसती उठाठेव? ना ओळख ना पाळख." आणि आता त्याच ग्रुपातली सांगलीची एक जण आणखी दोघींना घेऊन जुलैच्या शेवटी, मॉथ वीकला (पतंग बघण्याचा, नोंदवण्याचा आठवडा), साताऱ्यात येतेय. कासच्या रस्त्याला रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून त्यावर येणारे पतंग बघू, तुम्हीही या, म्हणते. घरून साफ नकार. खाली सही 'किडेवाल्या काकू', कारण सोसायटीतली पोरं तसंच म्हणतात.

आधी त्या रडण्याचं बघू. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: दुसऱ्या दिवशी दोघींनी वेगळा मेसेज केला, "मनावर घेऊ नका, ते सगळ्यांनाच असं बोलतात." अहो, हे तुम्ही चक्क कंसात लिहिलंय! व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात आता 1024 माणसं मावतात. एवढी माणसं म्हणजे लग्नातली पंगत, तिथे शेजारच्या पानात मीठ वाढलं की नाही हे कोण बघत बसतं? ज्यांनी बघितलं त्या दोघी तुमच्या. आणि त्यातलीच एक ही सांगलीची. मग ना ओळख ना पाळख कसं?

राहिले ते जाणकार. बोलण्याची रीत नाही त्यांना, हे खरंच. पण तुम्हीही एका रात्रीत चाळीस फोटो टाकलेत आणि खाली फक्त "हा कोण?" भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या कित्येक नुसत्या फोटोवरून ओळखूच येत नाहीत, पोटाकडचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागतो. म्हणजे उत्तर आलं नाही की दरवेळी तुमच्याकडे दुर्लक्षच झालं असं नाही. रोज तीन-चार फोटो टाका. बसलेल्या पतंगाचा वरून सरळ घेतलेला फोटो, गाव, तारीख आणि आकाराचा अंदाज. पट्टी ठेवायला गेलं तर उडून जातो हे मला माहीत आहे. मग भिंतीची टाइल फोटोत येऊ द्या, तिचं माप नंतर घेता येतं.

आता मुद्द्याचं. वर्षभर तुम्ही विचारताय आणि दुसरे सांगताहेत. हे उलटं करा. ओलिअँडर हॉकमॉथ तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल, तो हिरव्या संगमरवरासारखा, कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणारा. तुमच्या गॅलरीत सतत येणारे असे वीस-पंचवीस तरी असतील. कऱ्हाडहून, कोल्हापूरहून कुणीतरी नवखी मुलगी आज तोच फोटो टाकून वाट बघत बसलेली असते. आयनॅचरलिस्टवर जातीची ओळख पक्की धरायला निदान दोघांचं मत जुळावं लागतं, तेव्हा कुठे नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. ते दुसरं मत तुम्ही द्या. खात्री असेल तिथेच द्या, आणि का वाटतं तेही एका ओळीत लिहा. महिनाभर हे केलंत की लोक तुम्हाला नावाने हाक मारून विचारायला लागतील. आपल्या फोटोला किती जणांनी लाइकचा अंगठा दिला हे मोजायचं मग आपोआप सुटतं. ग्रुपात नुसतं असणं आणि ग्रुपाला आपला उपयोग होणं, यात मला फार फरक वाटतो.

यजमानांचं म्हणणं मी दोन तुकड्यांत घेते. "नसती उठाठेव" याच्याशी मी सहमत नाही. बाईमाणसाने पैसे न मिळणारं काही मन लावून केलं की घरोघरी हाच शब्द निघतो. रात्रीबद्दल मात्र ते बरोबर आहेत. जुलैतला पाऊस, यवतेश्वरच्या पुढचं धुकं, आणि ज्यांना कधी पाहिलं नाही अशी माणसं. शिवाय वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री दिवे लावून बसता येत नाही.

तेव्हा तुम्ही जाऊ नका, त्यांना बोलवा. तुमच्या सोसायटीची गच्ची आहे ना? जिन्याच्या डोक्यावर पत्र्याची शेड आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिच्याखाली दोरीवर पांढरी चादर ताणायची, पुढे दिवा. घरातल्या साध्या एलईडीवर फारसं कुणी फिरकत नाही, अतिनील प्रकाशाची नळी किंवा जुना मर्क्युरीचा दिवा हवा. सांगलीच्या बाई आणतील, पडदा लावणाऱ्यांकडे तो असतोच. मर्क्युरीचा असेल तर पावसाचा थेंब पडू देऊ नका, तापलेली काच तडकते. उघड्या दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, हे पोरांना आधीच सांगा. अमावस्येच्या जवळची रात्र मिळाली तर उत्तम. आणि पहाटे दिवा बंद करून चादर हलकेच झटका, नाहीतर उजाडताच दयाळ आणि बुलबुल येऊन ताव मारतात.

त्याआधी त्या बाईंशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला, यजमानांना शेजारी बसवा. सांगलीहून एसटीने येणार म्हणजे रात्री परत जाणं नाही, मुक्काम तुमच्याकडेच. बोलण्यातून माणूस कळलं नाही, मनात पाल चुकचुकली, तर सरळ नाही म्हणायचं. कारण द्यायची गरज नाही.

आणि हे आजच करा: आयनॅचरलिस्टवर तुमच्या नोंदींचं ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' करून टाका. रोज रात्री एकाच गॅलरीतून फोटो टाकणाऱ्या बाईचं घर नकाशावर कुणालाही दिसतं. ते केलं की नेमका बिंदू झाकला जातो आणि वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. पतंगाच्या अभ्यासाला तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

भिशीतल्या बायकांवर मात्र तुम्ही जरा अन्याय करताय. त्यांना पतंग आवडत नाहीत असं तुम्ही ठरवलंय, दाखवलाय का कधी? गेटजवळच्या तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली, डोक्यामागे निळे डोळ्यांसारखे ठिपके, आणि माळ्याने औषध मारलं म्हणून तुम्ही हळहळलात. पुढची अळी बरणीत ठेवा. तळाशी सुकी पानं, वर जाळीचं कापड, रोज तगरीचा ताजा पाला. अळी तपकिरी पडून खाणं सोडते, पानांखाली कोश करते, आणि दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. बरणी लिफ्टशेजारी ठेवा. तुम्हाला 'किडेवाल्या' म्हणणारी पोरंच रोज दार वाजवतील, त्यांच्यामागून आया येतील. चार जणींपैकी एखादी टिकून राहिली तरी खूप झालं.

शेवटी विचारलंय, त्या जाणकारांनाही गच्चीवर बोलवावं का, ते पुण्याहून येऊ शकतात. माझं ऐकाल तर यंदा नको. पुढच्या वर्षी तुम्हालाच वाटलं तर बोलवा, कंदी पेढे द्या आणि चादरीवरचा एखादा तपकिरी, कुणालाच न ओळखता येणारा पतंग दाखवून विचारा, "हा कोण?"

तुमची,
ताई