कंपनी ‘कन्सल्टंट’ म्हणते, पण काम कामगाराचं. पीएफ मिळेल का?

तुम्ही भावाबद्दल हे विचारलंत. तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणकाने चालणारं) मशीन चालवतो, तिन्ही पाळ्या करतो, सुट्टीला सुपरवायझरची परवानगी लागते. मग कागदावर काहीही लिहिलेलं असो, तो कामगारच आहे. कायदा प्रत्यक्ष काम बघतो, करारावरचं नाव नाही.

पीएफ २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. कामगाराचे १२ टक्के, मालकाचेही तेवढेच. हे दुसरे १२ टक्के वाचवायलाच माणसाला ‘कन्सल्टंट’ करतात. ठेकेदारामार्फत असेल तरी ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आधी भावाचं २६एएस (कापलेल्या आयकराची नोंद असलेला आयकर खात्याचा फॉर्म) काढा. माझ्या मेहुण्याच्या २६एएसमध्ये पगाराच्या कलम १९२ऐवजी कलम १९४जे दिसलं, म्हणजे व्यावसायिक फी! तोच कागद पुढे पुरावा झाला. त्याला हजेरीचे फोटो, गेटपास, व्हॉट्सॲपवरचे पाळीचे मेसेज जोडा. मग ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर टाका, किंवा सातपूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्याच. तिथल्या अधिकाऱ्यांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, हजेरीपट मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. थकबाकीवर व्याज आणि दंडही लागतो.

पगारातून कापून भरलंच नसेल तर प्रकरण आणखी गंभीर, तो फौजदारी विश्वासघात ठरतो. त्यासाठी पगाराची स्लिप जपून ठेवा, आणि यूएएनचं (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाचं) पासबुक दर महिन्याला बघा.