आपल्या भागातलं सार्वजनिक आरोग्य रक्षणाचं काम खरंच पुढे जातंय का, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की स्थानिक आरोग्य विभागाच्या वार्षिक अहवालात प्राधान्याच्या प्रत्येक मुद्द्यापुढे 'प्रगती समाधानकारक' असा शेरा आहे, पण त्याच वर्षात साथीच्या आजारांचे रुग्ण मात्र वाढलेत. मग विश्वास कशावर ठेवायचा?

साथरोग सर्वेक्षणात मी २२ वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगतो. रुग्ण वाढले एवढ्यावरून काम बिघडलं असं धरू नका. आम्ही खासगी दवाखान्यांकडून रोजच्या रोज माहिती घ्यायला लागलो, त्या वर्षी जुलाब-उलट्यांच्या नोंदी एकदम वाढल्या. आजार आधीही तेवढाच होता, फक्त कागदावर येत नव्हता. उलट एखाद्या भागातून महिनोन्‌महिने 'निरंक' अहवाल आला की मला झोप लागायची नाही. तिथे आजार नाही, की बघणारं कोणी नाही?

त्यामुळे अहवाल हातात आला की मी दोनच गोष्टी शोधतो. आजार सुरू झाल्यापासून कळायला किती दिवस लागले, आणि कोण सुटलं, म्हणजे काम कोणापर्यंत पोचलंच नाही.

पाण्याचंच घ्या, कारण माझ्या लेखी प्राधान्यात पहिलं तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लोरिन टाकल्यावर किमान अर्ध्या तासाने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरायला हवं, आणि घरातल्या नळापर्यंत पोचताना किमान ०.२. एका पाणीपुरवठा केंद्रावर मी क्लोरिनचं रजिस्टर उघडलं तर तीन महिने रोज ०.५. एकच पेन, एकच अक्षर, आणि पुढच्या दोन दिवसांचे रकानेही भरलेले. तसाच उठलो आणि जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी गेलो. नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, क्लोरिन तपासायची गोळी टाकली, हलवलं. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं. नळी उजेडात धरून बघत राहिलो, रंगाचा मागमूस नाही. माझ्या शेजारीच त्या घरातली बाई तेच पाणी बाळाच्या बाटलीत भरत होती. तिचा हात मी धरला, तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे एका केंद्रापुरतं नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणखतातले ई. कोलाय जंतू पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले. तिथेही क्लोरिनच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निकाल १७ मे रोजी पाणीपुरवठा व्यवस्थापनाकडे आला होता, तरी आरोग्य विभागाने चौकशी केली तेव्हा 'पाणी ठीक आहे' असंच उत्तर मिळालं. शेवटी आरोग्य विभागाने स्वतःच्या पाणीतपासणीचा निकाल यायची वाट न बघता २१ मे रोजी पाणी उकळून प्यायची सूचना काढली. तोवरच्या दिवसांनी घात केला. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ जण दगावले. निकालाआधी सूचना काढायला धैर्य लागतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. सूचना अनाठायी ठरली तर लोक चार दिवस नावं ठेवतील, एवढंच.

आता 'कोण सुटलं' याबद्दल. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. समजा, दहा वस्त्यांत प्रत्येकी १०० मुलं आहेत. नऊ वस्त्यांत ९८ टक्के लसीकरण आणि दहाव्या वस्तीत ७० टक्के. सरासरी काढा, ९५.२ येते. अहवालात उद्दिष्ट पूर्ण! पण गोवराला सरासरीशी काही देणंघेणं नसतं, तो त्या ३० मुलांपर्यंत बरोबर पोचतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही हा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून मला सरासरी नको असायची, सर्वांत कमी लसीकरणाची वस्ती कुठली आणि गेल्या वर्षी ती कुठे होती, एवढंच हवं असायचं. सलग दोन वर्षं तीच वस्ती तळाला असेल, तर बाकी आकडे कितीही छान असोत, त्याला मी प्रगती म्हणणार नाही.

डासांच्या बाबतीत किती वेळा धूरफवारणी केली हे अहवालात अगदी ठळक असतं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तर कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात. तेव्हा फवारणीच्या फेऱ्या सोडा, किती घरं तपासली आणि किती घरांत अळ्या सापडल्या ते विचारा.

कळायला लागलेले दिवस मोजायला एक चांगलं माप आहे, ७-१-७. ते २०२१ मध्ये मांडलं गेलं. उद्रेक सुरू झाल्यापासून सात दिवसांत ओळखायचा, एका दिवसात वर कळवायचा आणि पुढच्या सात दिवसांत पहिले उपाय उभे करायचे. मला हे आवडतं, कारण यात शेरे नाहीत, तारखा आहेत. पहिला आकडा हुकला तर बहुतेक वेळा दवाखाना आणि आरोग्य विभाग यांच्यात बोलणंच नसतं. तिसरा हुकला तर माणसं कमी असतात, आणि तेव्हा दोष तिथे राबणाऱ्यांना देऊ नका, रिकाम्या पदांबद्दल विचारा.

अहवालावर चर्चेची बैठक असेल तर जरूर जा. गेल्या वर्षीचा कुठलाही एक उद्रेक घ्या आणि त्याच्या चार तारखा मागा: पहिला रुग्ण कधी आजारी पडला, उद्रेक कधी ओळखला, कधी कळवला, उपाय कधी सुरू झाले. तारखा तिथल्या तिथे मिळाल्या, अगदी उशिराच्या असल्या तरी, तर तिथे कोणीतरी मनापासून काम करतंय असं खुशाल समजा. आणि जलवाहिनीच्या टोकाच्या नळाचं पाणी तुमच्यासमोर तपासायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.