बोस्टनचा चहा, तासगावचे भाऊ आणि ओना जज

गेल्या महिन्यात या पानावर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तिघांना इथे उत्तर देते आहे. तिसऱ्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तोच प्रश्न कॉलेजात मुलं तास संपता संपता विचारायची, आणि दारात उभं राहून त्याचं उत्तर देणं मला कधीच पटलं नाही.

आमचा चहाचा घाऊक व्यापार आहे. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आसामचा होता, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का? – एक वाचक, इचलकरंजी

नाही. तो सगळा चीनचा होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या, त्यांत बहुतेक 'बोही' नावाचा काळा चहा होता आणि थोडा हिरवा. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव थेट १८३९ सालचा.

हिंदुस्थानचा संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, हातात आल्यावर कंपनी गब्बर होईल असं लंडनला वाटत होतं. प्रत्यक्षात १७६९-७० चा भीषण दुष्काळ, लढायांचा खर्च आणि अधिकाऱ्यांची लूट यांनी १७७२ पर्यंत तिची तिजोरी रिकामी झाली. लंडनच्या वखारींत चहा पडून होता. तो खपावा म्हणून सरकारने कंपनीला अमेरिकेतल्या वसाहतींत थेट विक्रीची परवानगी दिली. त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, तरी पौंडामागे तीन पेन्सचा कर तसाच ठेवला होता. ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही तिने कर लावायचा, आणि वर एकाच कंपनीला मक्ता द्यायचा, हे बोस्टनला मान्य नव्हतं. चोरट्या मार्गाने डच चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं पोटही त्यात अडकलेलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

१७७३ च्याच नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक काढलं. बंगालमध्ये एका वर्षात पंधरा लाख माणसं उपाशी मेली, जमीन पिकली नाही म्हणून नव्हे तर कंपनीच्या नोकरांनी धान्य अडवलं म्हणून, असं त्यांनी त्यात लिहिलं. आणि हीच कंपनी आता आपल्याकडे वळली आहे, असा इशारा दिला. बंगालच्या मेलेल्या माणसांचा उल्लेख फिलाडेल्फियाच्या एका वकिलाने केला, ही गोष्ट आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस आणि टिपूशी लढलेला कॉर्नवॉलिस एकच का? – एक वाचक, तासगाव

एकच, लॉर्ड कॉर्नवॉलिस हा इंग्रज सेनापती. आणि प्रश्न तासगावहून यावा याचा मला आनंद आहे, कारण या माणसाची उपासमार टाळण्यात तुमच्या परशुरामभाऊ पटवर्धनांचा हात होता.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला त्याचं सैन्य अमेरिकन आणि फ्रेंच फौजांना शरण आलं. तो स्वतः आजारपण सांगून आलाच नाही, हाताखालच्या ओहारा या सेनाधिकाऱ्याला पाठवलं. एवढी नामुष्की होऊनही पाच वर्षांत तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण बैल मेले, धान्य संपलं. अवजड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून तो मागे फिरला. मराठे तेव्हा टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होते. त्या परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा त्याला भेटल्या. मराठी लष्कराबरोबर चालणाऱ्या बाजारात त्याच्या शिपायांना धान्य मिळालं, दर चढे का असेनात. पुढच्या वर्षी टिपूने अर्धं राज्य आणि दोन मुलगे ओलीस देऊन तह केला.

माझी एक तक्रार इथे नोंदवते. आपण यॉर्कटाउन एका धड्यात शिकवतो आणि वडगाव, सालबाई दुसऱ्या धड्यात. त्या काळच्या इंग्रजांना ही चैन नव्हती. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणवीसांकडे आला तेव्हा मुंबई-कलकत्त्याला धडकी भरली, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. इंग्रज वडगावला मराठ्यांकडून जानेवारी १७७९ मध्ये हरले, यॉर्कटाउनला १७८१ मध्ये, आणि मराठ्यांशी सालबाईचा तह मे १७८२ चा. एकच सरकार, एकच तिजोरी, एकच आरमार एवढ्या ठिकाणी पुरवायचं होतं.

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्व माणसं समान आहेत असं १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसनकडे गुलाम होते, वॉशिंग्टनकडेही होते. मग त्यातलं कोणी न्यायालयात का गेलं नाही? – एक विद्यार्थिनी, नांदेड

गेलं होतं. आणि एक बाई जिंकलीही.

आधी कायद्याची बाजू. जाहीरनामा हा जगापुढे मांडलेला कैफियतनामा होता, न्यायालयात चालणारा कायदा नव्हता. कायदे त्या त्या वसाहतीचे होते आणि ते फार आधी रुजलेले होते. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर अंगोलाहून पकडून आणलेली विसाहून थोडी अधिक माणसं ऑगस्ट १६१९ मध्ये उतरवली गेली. सुरुवातीला तंबाखूच्या शेतांत कराराने बांधलेले गोरे मजूर जास्त होते. मग १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाच्या दर्जाचं. इथे मुद्दाम उलटं केलं, म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल त्याच्या मालमत्तेत जमा. तुम्ही पुढे कितीही कायदे वाचाल, पण हे कलम विसरू नका. मला त्याच्याइतकं क्रूर कलम त्या काळात दुसरं दिसत नाही.

आता ती बाई. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावात जॉन ॲशली या श्रीमंत न्यायाधीशाच्या घरी बेट नावाची गुलाम होती. जानेवारी १७७३ मध्ये त्याच घरात गावच्या मंडळींनी माणसं समान आणि स्वतंत्र असल्याचा ठराव लिहिला. मसुदा करणाऱ्यांत थिओडोर सेजविक हा तरुण वकील होता. पुढे मालकिणीने चुलीतलं तापलेलं फावडं घरातल्या दुसऱ्या एका मुलीवर उगारलं आणि तो घाव बेटने स्वतःच्या हातावर घेतला, असं सेजविकच्या मुलीने लिहून ठेवलं आहे. बेटला लिहितावाचता येत नव्हतं. पण १७८० साली राज्याची नवी घटना झाली, सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हे तिचं पहिलंच कलम, आणि ते तिच्या कानावर आलं होतं. ती सेजविककडे गेली आणि विचारलं, हा कायदा मला लागू नाही का?

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने निकाल दिला की बेट आणि तिच्याबरोबरचा ब्रॉम हे ॲशलीचे गुलाम नाहीत. तीस शिलिंग नुकसानभरपाईही मिळाली. ॲशलीने पगार देऊन परत बोलावलं, ती गेली नाही. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. दोन वर्षांत अशाच आणखी एका खटल्यानंतर त्या राज्यातली गुलामगिरी कायद्यासमोर टिकेनाशी झाली.

व्हर्जिनियात मात्र असा दरवाजा नव्हता. तिथल्या माणसांनी पळून जाऊन उत्तर दिलं. १७८१ च्या एप्रिलमध्ये खुद्द वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरून सतरा जण इंग्रजांच्या जहाजावर गेले. इंग्रजांना त्यांची कणव होती असं समजू नका: यॉर्कटाउनच्या वेढ्यात धान्य संपत आल्यावर कॉर्नवॉलिसने आश्रयाला आलेल्या, देवीने आजारी असलेल्या काळ्या माणसांना बाहेर हाकललं.

मग १७८७ ची संघराज्याची घटना आली. तिच्यात गुलाम हा शब्दच नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांचे तीन पंचमांश धरायचे, त्यांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करायचा नाही आणि पळालेल्याला परत द्यायचं, ही सगळी तरतूद आहे. १७९३ मध्ये पळालेल्यांना पकडण्याच्या कायद्यावर सही झाली ती राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचीच.

त्यांच्याच घरातली ओना जज ही मुलगी २१ मे १७९६ रोजी, वॉशिंग्टन कुटुंब जेवायला बसलेलं असताना, फिलाडेल्फियातल्या घरातून निघून गेली. तिला वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्या नातीला भेट म्हणून देणार आहेत, हे तिला कळलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर स्वतंत्र होत असे, म्हणून वॉशिंग्टन मुदत भरण्याआधी आपल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणत. ती जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. तिला परत आणण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी अर्थमंत्री आणि बंदरावरचा जकात अधिकारी कामाला लावले. तुमच्या पश्चात मला मुक्त कराल तर येते, असा निरोप तिने पाठवला, त्यांनी नाकारला.

वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःचे गुलाम मुक्त केले, पण ओना मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिसच्या, इस्टेटीची होती. तिचा बाप गोरा इंग्रज शिंपी, आई गुलाम. १६६२ चं कलम तिला असं लागू झालं. तिचा नवरा स्वतंत्र खलाशी होता, तिची तीन मुलं न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मली, तरी त्याच कलमाने तीही कस्टिस इस्टेटीचीच मालमत्ता ठरत होती. १८४८ साली ती वारली तेव्हाही कागदोपत्री गुलामच होती. त्याआधी वर्तमानपत्राच्या माणसाने तिला विचारलं होतं, इतके कष्ट काढलेस, निघून आल्याचा पस्तावा होतो का? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे.