डोक्याचा आकार बदलता येतो का?

प्रश्न : वय २८. डोकं मागून चपटं आहे, केस बारीक कापले की फारच जाणवतं. शस्त्रक्रियेने गोलाई येईल का?

उत्तर : येईल. त्यासाठी कवटी कापावी लागत नाही, हाडावर बाहेरून भर घालतात. बोन सिमेंट म्हणजे हाडावर वापरायचं, घट्ट होणारं एक प्लास्टिक; त्याची पावडर आणि द्रव कालवून, कणकेसारखं झालं की हाडावर पसरून आकार देतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि त्या वेळी चांगलंच तापतं, म्हणून वरून गार सलाइन सोडत राहतात. कड पातळ उतरवली नाही तर बोटाला पायरी लागते. सीटी स्कॅनवरून आधीच घडवलेला इम्प्लांट जास्त नेमका बसतो, पण महाग पडतो.

अडचण येते ती कातडीची. डोक्याची कातडी फारशी ताणत नाही. एका वेळी साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भर, त्यापुढे हाव धरू नये. टाके ओढून घातले की तिथला रक्तपुरवठा कमी पडतो, केस जातात, जखम उसवते. जास्त उंची हवी असेल तर आधी कातडीखाली फुगा ठेवून तो काही आठवडे सलाइनने थोडा थोडा फुगवतात. म्हणजे शस्त्रक्रिया दोन. भरावाला जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या औषधांनी तो सहसा हटत नाही, भराव काढावा लागतो. महिन्यांनंतरही असं होऊ शकतं.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : व्रण राहणार. तो केसांत लपतो, पण तुम्ही केस बारीक ठेवता. घरात टक्कल पडण्याचा वारसा असेल तर आणखी विचार करा. केस चार-पाच सेंटिमीटर वाढवून चपटेपणा झाकला जात असेल, तर आमचं मत शस्त्रक्रिया नको असंच आहे.

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांची. डोकं एका बाजूने चपटं झालंय. मालीशवाल्या बाई दाबून गोल करू म्हणतात.

उत्तर : दाबू देऊ नका. मोहरीची उशीही नको, झोपेत श्वास कोंडण्याचा धोका असतो. झोपवायचं उताणंच; मात्र जागेपणी, तुम्ही समोर असताना, दिवसातून अनेकदा पोटावर ठेवा. मान एकाच बाजूला वळत असेल तर फिजिओथेरपी लवकर सुरू करा. वरून पाहा : चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असेल तर कारण बहुधा झोपण्याची सवय. कान मागे ओढलेला असेल किंवा कवटीच्या हाडांच्या सांध्यावर कडक उंचवटा लागत असेल, तर सांधा वेळेआधी जुळल्याची शंका घ्या आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. असा जुळलेला सांधा मोकळा करण्याची दुर्बिणीची छोटी शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करतात. उशीर झाला तर मोठी करावी लागते.