वेताळ टेकडी ज्वालामुखी आहे का हो?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते. माझ्या पाचवीतल्या मुलाने कुठल्यातरी पुस्तकात सिंडर कोनचं, म्हणजे सुट्या खड्यांच्या शंकूसारख्या ज्वालामुखीचं, चित्र बघितलं, तेव्हापासून म्हणतोय की आपली टेकडी पण तसलीच आहे, वरचा खाणीचा खड्डा म्हणजे तिचं तोंड. मी नाही म्हटलं, पण का नाही ते काही सांगता येईना.

उत्तर : ताई, पोराने खड्डा बघून डोकं चालवलं हे मस्तच, पण तो खड्डा माणसांनी दगडासाठी खणलाय. आणि सिंडर कोन ही साठलेली रास असते, आपली टेकडी म्हणजे झिजून उरलेला तुकडा.

आधी रास. पोती ओतून ज्वारीची रास करताना बघितलं असेल तर आठवा, वरून कितीही ओता, उतार ठरावीक मर्यादेपुढे उभा होतच नाही, दाणे घरंगळतात आणि रास रुंद होत जाते. सिंडर कोनचं तेच, फक्त माल खालून वर येतो. लाव्ह्यात वायू कोंडलेला असतो, तोंडाशी आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसतो, लाव्ह्याचे गोळे उडतात, हवेतच थिजतात आणि आसपास पडतात. एकेका खड्याला अनारशासारखी जाळी. उतार साधारण 30 ते 35 अंश, माथ्यावर वाटीसारखा खड्डा. वारा एकाच बाजूने वाहत असला तर उफणताना भुसा पडतो तसं बारीक बारीक सगळं त्या अंगाला जातं, मग शंकू तिकडून उंच होतो.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे लाव्हा वरून क्वचितच सांडतो. वायू निघून गेलेला लाव्हा जड आणि भिंती नुसत्या सुट्या खड्यांच्या, त्यामुळे तो बुडातूनच वाट काढतो, कधी अख्खी बाजूच वाहून नेतो आणि शंकू घोड्याच्या नालासारखा उरतो.

मेक्सिकोत 20 फेब्रुवारी 1943 ला दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात भेग पडली आणि तिथून पारिकुतीन उभा राहिला, वर्षभरात 300 मीटरच्या वर! 1952 ला थांबला तेव्हा 424 मीटर. (आपल्याकडे बघायचा तर अंदमानात बॅरन बेटावर आहे, पण तिथे मुलाला घेऊन जाऊ नका.)

आता वेताळ टेकडी. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लांबच लांब भेगांमधून लाव्हा आला आणि धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं तसा पसरला, थरावर थर. नंतर पावसापाण्याने मधलं मधलं कापून नेलं, जे राहिलं त्याला आपण पर्वती, चतुःशृंगी, वेताळ म्हणतो. म्हणून इथले थर आडवे दिसतात, सिंडर कोन मधून कापला तर थर बाहेरच्या बाजूला उतरते दिसतात. मुलाला एवढं दाखवलंत तरी पुरे.

रविवारी त्याला खाणीच्या कडेला न्या, फार जवळ नको, आणि काळ्या दगडात पांढरे ठिपके शोधायला सांगा. ते लाव्ह्यातले बुडबुडेच, नंतर खनिजांनी भरलेले. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज मिळतं, जगभरचे हौशी लोक त्यासाठी पैसे मोजतात. फक्त हातोडी घरी ठेवा.