रत्नागिरीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापासून संशोधन करता येईल का?

हो, येईल. एम.एस्सी.ची वाट बघू नका, एक छोटा, मोजता येईल असा प्रश्न घेऊन तुमच्या विभागातल्या सरांना किंवा मॅडमना भेटा. मी प्राणिशास्त्र शिकवते. नुसतं "रिसर्च करायचाय" म्हणत येणारी मुलं बहुतेक महिन्याभरात गळतात, "पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की खडकावरची कालवं कमी होतात का?" असं विचारणारी टिकतात, हे वर्षानुवर्षं बघतेय.

कालवांचाच प्रश्न घेतला, तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खोल जाते. तेव्हा पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट घेऊन जा. दोरी ताणून ठरावीक अंतरावर ती ठेवा, जिथे कालवं जास्त दिसतात तिथेच नव्हे. आतली मोजा आणि तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. दर पंधरवड्याला, वर्षभर. हे आकडे 'आविष्कार' या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत मांडता येतात, तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. मात्र चार वर्षांची 'संशोधनासह ऑनर्स' पदवी हवी असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. खाडीपायी लेक्चरं बुडवू नका.